बाबा इथेच आहेत

४ फेब्रुवारी

ढमी नऊ महिन्यांची झाली. आजही माझ्याकडे आली नाही. मी हात पुढे केले तर आईच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि एका डोळ्याने मी गेलो की नाही ते बघितलं. गेलो नव्हतो, म्हणून रडली.

डॉक्टरीणबाई म्हणतात, हे तात्पुरतं असतं. या वयात मुलं एकालाच धरून बसतात, कधी आईला, कधी बाबांना. उद्या उलटं होईल, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलेलं नाहीच. फक्त विचारलं, उद्या म्हणजे नक्की कधी? त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

प्रश्न तारखेचा आहे. बायको पुलांची तपासणी करणारी इंजिनिअर. तिची रजा मार्चअखेर संपते आणि एप्रिलपासून तीन महिने तिला नदीवरच्या एका जुन्या पुलाच्या कामावर जायचंय. बसने सात तास लांब. परवा जेवताना सगळ्यांसमोर मी जाहीर केलं की ढमी माझ्याजवळ राहील. माझं काम आवाजाचं, निम्मं घरून होतं, त्यात काय एवढं. सासूबाई हसल्या. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. बायको म्हणाली, बघू. ढमी तोवर तुझ्याकडे राहायला लागली तर ठीक, नाहीतर ढमी आणि आई दोघी माझ्याबरोबर पुलावर.

तीन महिने. परत येईल तेव्हा ढमी चालायला लागलेली असेल आणि मी कोण हे तिला सांगावं लागेल. हे मी टेबलावर बोललो नाही. इथे लिहितो, इथे कोण वाचतंय.

ठराव : ३१ मार्चपर्यंत ढमी आपण होऊन माझ्याकडे हात पसरेल. घोडामैदान जवळच आहे.

७ फेब्रुवारी

सकाळी बायको आंघोळीला. ढमी माझ्याकडे. जे व्हायचं तेच झालं. बायको केसांना फेस तसाच ठेवून बाहेर आली आणि ढमीला घेऊन गेली. म्हणाली, तू तिला पार्सल धरल्यासारखं धरतोस, सही करून पुढे द्यायचं असल्यासारखं.

माझी पाठ दुखते हे सगळ्यांना माहीत आहे.

उद्यापासून रोज सकाळी अर्धा तास ढमी. काहीही झालं तरी.

८ फेब्रुवारी

सकाळी रेकॉर्डिंग होतं.

९ फेब्रुवारी

पाठ.

१२ फेब्रुवारी

शांत डोक्याने विचार केला. प्रत्येकाने आपल्या बळावर खेळावं. सासूबाईंचं बळ मांडी, बायकोचं बळ दूध. माझं बळ आवाज.

या शहरात माझा आवाज न ऐकलेला माणूस सापडणं कठीण. हॉस्पिटलात टोकन नंबर पुकारतो तो मी. बस स्टँडवर गाड्या सोडतो तो मी. वीज कंपनीच्या तक्रार लाइनवर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ म्हणतो तो मीच, आणि आमच्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ म्हणणाराही मीच. मी ‘कृपया रांगेत उभे राहा’ म्हटलं की पुढारीसुद्धा रांगेत उभे राहतात. एक नऊ महिन्यांची पोरगी ऐकत नाही याचा अर्थ इतकाच, की तिने अजून माझा खरा आवाज ऐकलेला नाही.

घरात माझा आवाज जरा वेगळा असतो. दमलेला असतो माणूस.

१३ फेब्रुवारी

ढमीच्या पाळण्याशी ताठ उभा राहून, छाती भरून म्हटलं, ‘नमस्कार. आपलं स्वागत आहे.’ ढमी दचकली. बायको म्हणाली, शेजारच्या काकूपण दचकल्या, त्यांना वाटलं आपण टीव्ही घेतला. गाढवापुढे वाचली गीता. (गाढव शेजारच्या काकूंना उद्देशून. ढमीला नाही.)

१७ फेब्रुवारी

आजचा दिवस लाल शाईने लिहायला हवा. लाल पेन सापडलं नाही.

वीजबिल चुकीचं आलं म्हणून बायकोने तक्रार लाइनला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ढमीचा दात येतोय, ती सकाळपासून घर डोक्यावर घेऊन बसली होती. फोनमधून मी म्हणालो, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया लाइनवर राहा. आम्ही लवकरच आपल्याशी बोलू.’

ढमी गप्प. गप्प म्हणजे टाचणी पडली तर ऐकू येईल. फोनकडे बघत राहिली. मी दुसऱ्यांदा म्हणालो तशी हसली. दात दाखवून. हा दात मी पहिल्यांदा पाहिला.

मी तिथेच दारात उभा होतो. बायकोला म्हटलं, बघ, कुणावर हसली? ती म्हणाली, फोनवर. काही माणसांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

१९ फेब्रुवारी

बायको आता ढमी रडली की तक्रार लाइन लावते. काल पलीकडे खराखुरा माणूस आला आणि म्हणाला, बोला मॅडम, काय तक्रार आहे. तो आल्याबरोबर ढमी रडायला लागली. पोरीला पारख आहे.

२२ फेब्रुवारी

ढमी रांगली! पहिल्यांदा. फोन सोफ्यापाशी होता, ती सतरंजीवरून पोट घासत त्याच्याकडे गेली आणि माझ्या आवाजाला हात लावला. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला बसलो होतो, म्हणजे ती माझ्याकडे पाठ करून गेली, पण तत्त्व लक्षात घ्यावं. ढमी बाबांकडे रांगली. सासूबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हो का जावईबापू, मग आता तिला कुठला नंबर लावायचा ते लिहून ठेवा.’

२३ फेब्रुवारी

योजना. आवाजाकडून चेहऱ्याकडे. ढमीला आवाज पटला आहे, माणूस पटायचा बाकी आहे. आधी आवाज घरभर मुरू द्यायचा, मग हळूच मागून माणूस पुढे आणायचा.

आमच्या स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट, ज्याला सगळे बहिरा म्हणतात कारण तो हेडफोन काढतच नाही, त्याच्याशी बोललो. टोकनची घोषणा आम्ही अखंड बोलत नाही. ‘टोकन क्रमांक’ वेगळं, ‘एकशे’ वेगळं, ‘बावीस’ वेगळं. प्रत्येक शब्द तीन चढउतारांत, म्हणजे यंत्राला हवा तसा जोडता येतो. मी म्हटलं, तशीच ढमीसाठी करू. ‘ढमी’, ‘ये’, ‘शाब्बास’, ‘नाही हं’, ‘काय झालं’, ‘बाबा’, ‘आहेत’. तुकडे एकदा झाले की जन्मभर पुरतील. बहिरा म्हणाला, घरी जाऊन नुसतं बोलत का नाहीस? लग्न न झालेल्या माणसाला काय सांगायचं?

१ मार्च

तुकडे झाले. बहिऱ्याने फोनवर नऊ बटणांची पाटी करून दिली. ‘बाबा इथेच आहेत’ हे मात्र मी अखंड बोललो. ते तोडलं तर कृत्रिम वाटत होतं. दिवसभरात त्याचे बरेच टेक झाले, शेवटचा अप्रतिम. बहिऱ्याने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. असं तो कधी करत नाही.

३ मार्च

पाटी चालली! बायको बाजारात गेली होती. ढमी खेळण्यांत, फोन तिच्याजवळ, मी आतल्या खोलीत दुसऱ्या फोनवरून बटणं दाबतोय. ‘ढमी. काय झालं? बाबा इथेच आहेत.’ रडणं नाही, काही नाही. मी पेपर वाचला, दाढी केली, वीज कंपनीच्या नव्या ओळी पाठ केल्या. बायको आली तेव्हा मी ढमीला बाजार उठेपर्यंत सांभाळलं होतं.

बायकोने विचारलं, तू होतास कुठे? आत. म्हणजे तिने तुला पाहिलं नाही? म्हटलं, ती पुढची पायरी आहे.

तेव्हा ती ढमीला कडेवर घेऊन म्हणाली, ‘एकदा तरी तिच्याशी बोल. तिच्यासमोर नको, तिच्याशी.’

बारीकसारीक शब्दांत फरक काढायचा हा तिचा स्वभाव. पुलांच्या भेगा शोधून शोधून सवय लागली आहे.

६ मार्च

पुढची पायरी. पडद्यामागून बाहेर आलो. फोन म्हणाला ‘बाबा’, मी त्याच क्षणी पुढे आलो. ढमीने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे, आणि फोन पोटाशी धरून रडायला लागली. जणू मी तो काढून घ्यायला आलोय.

टायमिंग चुकलं. उद्या फोन शर्टाच्या खिशात ठेवून बघतो.

७ मार्च

खिशातून फोन काढून घेतला आणि मला ढकललं. ताकद आहे पोरीत.

१० मार्च

शब्द कमी पडतायत. ढमीची समज वाढतेय, तिला नवे शब्द हवेत. तीन दिवस सलग रेकॉर्डिंग केलं. वीज कंपनीचं काम, वर ढमीचं. ‘उठा’, ‘झोपा’, ‘पडलीस का’, ‘लागलं का’, ‘उई मा’. ‘उई मा’ला भाव यावा म्हणून पुष्कळदा ओरडावं लागलं. घसा जरा खवखवतोय. गरम पाणी.

१२ मार्च

आवाज गेला. पूर्ण. सकाळी तोंड उघडलं तर दार करकरल्यासारखं काहीतरी आलं. घशाचे डॉक्टर म्हणाले, पाच दिवस एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही, कुजबुज जास्त वाईट. मी मान हलवली. ते म्हणाले, छान, असंच.

आणि बायकोला उद्या-परवा दोन दिवस हेड ऑफिसला जायचंय, पुलाचे नकाशे समजून घ्यायला. सासूबाई लग्नाला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी वहीवर लिहून दाखवलं : काळजी नको, पाटी आहे.

१३ मार्च

पाटी नाही. बायको गेल्यावर थोड्याच वेळात ढमीने फोन बादलीत टाकला. दुकानदाराला वहीवर लिहून विचारलं, तो म्हणाला, आठवडाभर तांदळात ठेवा. दुसऱ्या फोनमध्ये ते तुकडे नाहीत. तक्रार लाइन लावली तर आता तिथे आधी बाजा वाजतो, मी त्यानंतर येतो, आणि बाजा ऐकूनच ढमी चिडते.

थोडक्यात, सगळा प्रयोग बंद. आवाज नाही, यंत्र नाही. दिवसभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ढमी दरवाजाकडे बघून रडत होती, मी काय करणार? ओरडता येत नाही, समजावता येत नाही, कुणाला ‘घे गं हिला’ म्हणता येत नाही. शेवटी सतरंजीवर तिच्याशेजारी आडवा झालो. उठायचा कंटाळा आला होता. बराच वेळ नुसता पडून.

ती येऊन माझ्या तोंडात बोटं घालत होती. ओठ वर केला, जीभ धरून ओढली, आत वाकून बघितलं. काय शोधत होती कोण जाणे. मला हसू आलं, आवाज न करता हसलो, तर तीपण तशीच हसली, आवाज न करता.

दुपारी माझ्या पोटावर झोपली. माझा हात अवघडला. उठवलं नाही, उठवून पुन्हा कोण रडवणार. नोंद करण्यासारखं विशेष काही नाही.

१४ मार्च

कालच्यासारखंच. वाटीतला भात अर्धा तिने खाल्ला, अर्धा मला भरवला, तोही नाकात. संध्याकाळी उजेड असेपर्यंत खिडकीत बसलो होतो. खालून लिफ्टमधला माझा आवाज यायचा आणि ती माझ्या गळ्यावर हात ठेवायची. प्रत्येक वेळी. मग मान हलवायची. मला वाटतं तिला गळा सुजलेला जाणवला असावा.

दोन दिवस वाया गेले. मार्च निम्मा संपला.

१५ मार्च

बायको सकाळी आली. ढमी माझ्या मांडीवर होती. बायकोने हात पुढे केले. ढमीने तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या शर्टात तोंड लपवलं.

तोच प्रकार. एक डोळा बाहेर, बाई गेली का बघायला.

बायको हसली, मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, आता मला निवांत जाता येईल. शनिवार-रविवार येत जाईन. आईला सांगते, बॅग भरू नकोस. मग माझ्याजवळ बसली, ढमीला न घेता, नुसती तिचे पाय धरून बसली. असं बसून आम्हाला किती दिवस झाले होते हे मला आठवेना.

मला बोलता येत नव्हतं म्हणून वहीवर लिहिलं : बघितलंस? तुकड्यांचा परिणाम. मुरायला दोन आठवडे लागतात.

तिने वाचलं आणि वही मिटून ठेवली. कबूल करायला जड जातं माणसाला.

१८ मार्च

आवाज परत. डॉक्टरांना ‘आपले मनापासून आभार’ म्हणून दाखवलं. ते खूश.

फोन तांदळातून काढला, चालू झाला. आता ढिलाई नको, लोखंड गरम आहे. पाटी डबल केली, अठरा बटणं. शिवाय हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचं मोठं काम आलंय, सगळे मजले. घेतलं. ढमीचा प्रश्न सुटलेलाच आहे.

२० मार्च

ढमी थोडी कुरकुर करते. मी बोलायला लागलो की तोंडात बोटं घालायला येते. बोलताना कसं चालेल? रेकॉर्डिंगच्या सरावात सगळे टेक बिघडतात. दोनदा हात बाजूला केला. तिसऱ्यांदा आली नाही.

समंजस झाली आहे.

२४ मार्च

आजचं नीट लिहून ठेवतो, कारण उद्या हेच वेगळ्या पद्धतीने सांगितलं जाईल.

बायको दुपारी सामान आणायला गेली. ढमी पाळण्यात, जागी, पण शांत. फोन पाळण्याच्या दांडीला बांधलेला. इतक्यात खालून वॉचमनने सांगितलं की लिफ्टवाला आलाय. मी विचारलं, कशाला? म्हणाला, आवाज बदलायला. कुठल्या तरी बाईचा नवीन आवाज घालणार आहेत. मला न विचारता. कानामागून आली आणि तिखट झाली.

हे काम दोन मिनिटांचं होतं. जाऊन त्याला समजावायचं, यायचं. ढमीला घेऊन गेलो असतो, पण लिफ्ट बंद, चार मजले जिने, माझी पाठ. म्हणून ‘बाबा इथेच आहेत’ चालू ठेवलं, पुन्हा पुन्हा वाजेल असं लावून. शेजारच्या काकूंच्या दारावर टकटक करून सांगितलं, कान असू द्या. त्या झोपल्या असतील हे मला कसं कळणार?

लिफ्टवाला हेकट निघाला. त्याला माझ्या आवाजातला फरक दाखवण्यासाठी मी ‘दरवाजा बंद होत आहे’ चार-पाच प्रकारे बोलून दाखवलं. तो म्हणाला, साहेब, लोक आवाज ऐकत नाहीत, नुसते चढतात. यावर बोलावं लागलं. पंधरा मिनिटं. फार तर अर्धा तास.

मी मागच्या बाजूला मशीनच्या खोलीत होतो, म्हणून बायको जिन्याने वर गेली ते मला दिसलं नाही. तिच्याकडे किल्ली होती. पण ती म्हणते, ती दाराबाहेर बराच वेळ किल्ली शोधत उभी होती आणि आतून आधी माझा आवाज येत होता, मग ढमीचा, मग दोन्ही. बाबा इथेच आहेत. बाबा इथेच आहेत. तिला वाटलं मी आत आहे आणि पोर एवढी रडतेय तरी उचलत नाहीये. मग आत गेली आणि बघितलं.

मी आलो तेव्हा ढमी तिच्या खांद्यावर होती, हुंदके देत. फोन बंद होता. मी सगळं समजावून सांगितलं, काकूंचं, लिफ्टचं, पाठीचं. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ढमीच्या पाठीवरून हात फिरवत ठेवला आणि एवढंच म्हणाली, ‘तिला तू हवा होतास. तू कुठे आहेस तेच तिला कळत नव्हतं.’

मग तिने आईला फोन करून बॅग भरायला सांगितलं.

२५ मार्च

सासूबाई आल्या. काही म्हणाल्या नाहीत. अशी माणसं जास्त बोलतात.

२७ मार्च

मी हात पुढे केले. ढमीने खांद्यात तोंड खुपसलं. यावेळी एक डोळाही बाहेर काढला नाही.

तात्पुरतं आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या.

२९ मार्च

एक चूक लक्षात आली. मी ढमीला कधी थेट, समोरून, माझं म्हणणं सांगितलेलं नाही. निघायच्या आधी सांगावं. चार ओळी लिहून काढल्या. बायको म्हणते, तेरा किलोच्या बॅगा, दोन डबे, एक पोर, तुझ्या ओळींना गाडीत जागा आहे का बघ. ती गमतीत म्हणाली असावी. तिच्या तोंडावर गंमत नव्हती.

१३-१४ मार्चच्या नोंदी पुन्हा वाचल्या. तिथे काय झालं ते कळत नाही. प्रयोगच बंद होता.

३१ मार्च, सकाळ

गरम पाणी घेतलं, मीठ टाकून. बाथरूममध्ये तीनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा छान आलं. ओळी अशा : ढमी, मी तुझा बाबा. मी इथेच असेन. लवकर ये. चौथी ओळ खोडली, ती लिहायला नको होती.

३१ मार्च, दुपार

स्टँडवर गर्दी होती. सामान टपावर चढलं. सासूबाई आधीच खिडकीशी जागा धरून बसल्या. बायको दारापाशी उभी, ढमी तिच्या खांद्यावर, माझ्याकडे तोंड करून. बायकोनेच तिला तसं वळवलं. म्हणाली, बोल, काय बोलायचंय ते.

मी ढमीसमोर उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं. तोंडात बोट. रडली नाही. मी घसा साफ केला, ताठ झालो, श्वास घेतला. आणि तेवढ्यात वरून मी बोललो.

‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. फलाट क्रमांक चारवरून गाडी सुटत आहे. आपल्या माणसांचा निरोप घ्यावा. आपला प्रवास सुखाचा होवो.’

सहा वर्षांपूर्वीचा टेक. तेव्हा लग्नही झालं नव्हतं. घाई नाही, दम नाही, प्रत्येक शब्दात हसू.

ढमीच्या तोंडातलं बोट बाहेर आलं. तिने मान वर केली. खांबावरच्या भोंग्याकडे बघितलं, दात दाखवून हसली, आता दोन आहेत, आणि दोन्ही हात पसरले. पंजे उघडे, घे म्हणतात तसे. पार पुढे झुकली, बायकोला कंबर धरून ठेवावी लागली. मला ओलांडून, वर.

बायकोने भोंग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग दुसरीकडे पाहू लागली. सासूबाईंनी खिडकीतून सगळं पाहिलं. हसल्या नाहीत. हसायला हव्या होत्या.

मी ‘ढमी’ म्हणालो. फाटलेला आला आवाज, खाली कुणालाच ऐकू गेला नसेल. कंडक्टरने घंटी दिली.

ठराव : ३१ मार्चपर्यंत ढमी हात पसरेल. पसरले.

३१ मार्च, रात्र

लिफ्टमध्ये ती बाई म्हणाली, दरवाजा बंद होत आहे. चांगला आवाज आहे, मोकळा.

सतरंजीवर भाताची दोन शितं वाळून चिकटली होती. नखाने काढली.

बायकोचा मेसेज : पोचलो. ढमी नवीन जागेत रडून रडून बेजार, आई दमली, मी दमले. ती ‘इथेच’वाली फाइल पाठव.

पाठवली. आधी एकदा ऐकून घेतली. टेक चांगला आहे.